'की अँड पील'मधला पील हॉररवाला कसा झाला? कॉमेडी करणाऱ्याला हे जमतं का?

नाट्यवेडी_मीनल

लोकहो, एक प्रश्न आहे, जरा लांबण लावूनच विचारते. 'की अँड पील' या अमेरिकन कॉमेडी शोची स्केचेस मी यूट्यूबवर कित्येक वर्षं बघतेय, पोरांची साधी सरळ नावं भलत्याच पद्धतीने उच्चारून वर त्यांच्यावरच खेकसणारा तो बदली मास्तर, ओबामाच्या मागे उभा राहून त्याच्या मनातला राग ओरडून सांगणारा ल्यूथर, आमच्या घरात हे सगळं पाठ आहे. 'गेट आउट' मात्र आत्ता बघितला (हो, २०१७चा पिक्चर, माहितीये, हसू नका) आणि नावं आली तेव्हा कळलं की लेखक-दिग्दर्शक जॉर्डन पील म्हणजे तोच, ल्यूथरच्या पुढ्यात शांतपणे ओबामा होऊन बसणारा. मला पटेचना. हा माणूस असं काही करू शकतो?

विचारायचं कारण म्हणजे मी एका हौशी ग्रुपमध्ये एकांकिका करते आणि माझ्या वाट्याला कायम विनोदी रोल, भांडकुदळ शेजारीण, बहिरी आत्या वगैरे. यंदा मी एक घाबरवणारी एकांकिका लिहिलीये आणि ती मलाच बसवायचीये, तर ग्रुपमधले म्हणतात तुला कॉमेडी येते ना मग तेच कर, तू विंगेतून नुसती आलीस तरी लोक हसायला लागतात, घाबरणार कोण.

तर पीलचं जे झालं ते नशीब, की कॉमेडीत असं काहीतरी हाताला लागतं जे हॉररमध्ये कामाला येतं? असे अजून कुणी आहेत का? स्पॉयलर बिनधास्त द्या, शेवट माहीत असला तरी मला भीती वाटायची ती वाटतेच.

टाइमलाइनवाला

मीनलताई, मी एडिटिंग करतो, जास्त करून जाहिराती आणि थोडं वेब सिरीजचं काम, त्यामुळे माझं उत्तर एडिट टेबलावरून.

पहिली गोष्ट, तो एकदम वळलेला नाहीये. २००३ला 'मॅडटीव्ही' या टीव्हीवरच्या स्केच शोत आला, त्याआधी अ‍ॅमस्टरडॅमला बूम शिकागो, मग शिकागोला सेकंड सिटी, हे दोन्ही स्टेजवरचे कॉमेडी ग्रुप, म्हणजे समोर बसलेल्या लोकांपुढे इम्प्रोव्ह, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते करून घासलेला माणूस. 'की अँड पील' २०१२ ते २०१५. आणि 'गेट आउट'ची कल्पना २००८च्या सुमाराची, ओबामा आणि हिलरीची उमेदवारीची लढत चालू होती तेव्हाची, असं त्यानेच सांगितलंय. म्हणजे शो सुरू व्हायच्या आधीपासून हे डोक्यात शिजत होतं आणि इकडे तो हसवत होता.

आता ती स्केचेस पुन्हा बघा. तो ऐंशीच्या दशकातल्या एरोबिक्स स्पर्धेचा स्केच आठवतोय का, ज्यात एका डान्सरला नाचता नाचता कॅमेऱ्यामागून पाट्या दाखवतात की तुझ्या बायकोला आणि मुलीला अपघात झालाय, आणि कार्यक्रम चालू आहे म्हणून त्याला हसत हसत नाचत राहावं लागतं? यात काय कॉमेडी आहे सांगा. थोडा संथ कापा आणि खालचं म्युझिक बदला, सरळ हॉरर आहे. हॉटेलातला फुकटचा ब्रेकफास्ट बघून हरखून जाणाऱ्या माणसाचा एक स्केच आहे, तो तर चक्क 'द शायनिंग'सारख्या जुन्या फोटोवर संपतो. बाय द वे, यातली बहुतेक स्केचेस दिग्दर्शित केली पीटर अ‍ॅटेन्सिओने, पीलने नाही. पील लिहायचा, अभिनय करायचा आणि बघत असणार, की एक वेडगळ गोष्ट समोरच्याने शंभर टक्के खरी मानली की सीन आपोआप चढत जातो.

टेबलावरचं सांगतो. लोकांना वाटतं पंच लिखाणात असतो. अर्धा तिथे असतो, उरलेला कटमध्ये. सेकंदाला २४ फ्रेम, त्यातल्या चार-पाच फ्रेम रिअ‍ॅक्शन उशिरा आली की हशा मेला. दचकवण्याचंही गणित तेच आहे, समोरचा श्वास कधी आत घेतो ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे. फरक आहे तो पुढे. कॉमेडीत ताण वाढवला की तुम्ही तो सोडता, म्हणून माणूस हसतो. पील काय करतो, ताण कॉमेडीसारखाच वाढवतो आणि सोडत नाही. 'गेट आउट'मधल्या कामवालीचा, जॉर्जिनाचा तो क्लोजअप घ्या, हसू चेहऱ्यावर तसंच, तोंडाने "नो नो नो नो" आणि डोळ्यातून पाणी. दुसरा कुणी असता तर दोन शॉटमध्ये कापून वर व्हायोलिन किंचाळवलं असतं. हा धरून ठेवतो. थिएटरात काही लोक तिथे हसतात सुद्धा, आणि हसल्यावर त्यांना स्वतःचंच कसंतरी वाटतं. हे धरून ठेवायचं धाडस स्टेजवर हशाची वाट बघत उभा राहिलेल्या माणसाकडेच असतं असं माझं मत.

अजून एक. हिरो ख्रिसचा मित्र रॉड पोलिसांकडे जातो तो सीन. तो सांगतो की गोरे लोक काळ्या माणसांना पळवून त्यांचा मेंदूबिंदू ताब्यात घेतात आणि तिघंही डिटेक्टिव्ह खो खो हसतात. आपणही हसतो, कारण रॉड बोलतोच तसा. पण त्या हसण्याचा अर्थ असा की आता ख्रिसला वाचवायला कुणी येणार नाही. विनोद बाजूला ठेवून भीती येत नाही इथे, विनोदाचीच भीती होते. मला पिक्चरमधला हा सगळ्यात भयानक सीन वाटतो आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

नशीब म्हणाल तर इतकंच की ब्लमहाउस ही निर्मिती कंपनी होती, कमी पैसे देते पण नव्या माणसाला मोकळं सोडते. बजेट ४५ लाख डॉलर, जगभरात कमाई २५ कोटींच्या वर. आणि २०१८ला ओरिजिनल स्क्रीनप्लेचं ऑस्कर, ते मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय लेखक.

शेंडेफळ

'गेट आउट' बघितल्यापासून समोरच्याने कपात चमचा फिरवायला घेतला की मी उठून गॅलरीत जातो (पिक्चरमध्ये तसंच संमोहित करतात ना). बिनसाखरेचा चहा सुरू केलाय. बाकी चालू द्या.

खवचट_काका

टाइमलाइनवाले, छान लिहिलंत पण एकच बाजू मांडलीत. स्केचवाल्याची एक खोड असते ती पीलची अजून गेलेली नाही, कल्पना झकास आणि घराचा पाया कच्चा. त्याचा पुढचा पिक्चर 'अस' (Us) बघा. अमेरिकेतल्या प्रत्येक माणसाची जमिनीखाली एक प्रतिकृती, ती सगळी कच्चे ससे खाऊन जगतात, आणि एक दिवस लाल डगले घालून कात्र्या घेऊन वर येतात. चार मिनिटांच्या स्केचमध्ये मी टाळ्या वाजवल्या असत्या. दोन तासांत मला प्रश्न पडतो की एवढे डगले शिवले कुणी, ससे संपले कसे नाहीत, आणि हे करून ठेवणारे लोक गेले कुठे. त्यावर एका लांबलचक भाषणात बोळवण. मग १९८६च्या हँड्स अक्रॉस अमेरिकासारखी माणसांची साखळी दाखवली की समीक्षक खूश. लुपिता न्योंगोने ओढून नेला तो पिक्चर, दोन्ही रोल, दोन्ही आवाज, तिला सलाम.

त्यानंतरचा 'नोप' तर मला नुसती खिचडी वाटला, थोडा वेस्टर्न, थोडा उडती तबकडी, थोडा माकडाचा सिनेमा. ६.८ कोटी डॉलर खर्चून १७ कोटी जमवले. वाईट नाही, पण ४५ लाखांत जे साधलं होतं त्याचं काय?

आणि दरवेळी अमेरिका कशाला? १९९३ला महेश कोठारेंनी 'झपाटलेला' काढला तेव्हा ते काय सिरियस सिनेमावाले होते? 'धूमधडाका'पासून लोकांना हसवतच आले होते. हॉलिवूडच्या खुनी बाहुल्याची कल्पना उचलली हे खरं, पण रामदास पाध्यांच्या बाहुल्याने जे काम केलंय ना, आमच्या शेजारची मुलं कपाटावर ठेवलेली बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

न्यूजर्सीकर

काका, डगले कुणी शिवले हा प्रश्न मलाही पडला होता, पण तुमच्यासारखा राग नाही आला.

मला वेगळंच काहीतरी सांगायचंय. मी 'गेट आउट' इथे थिएटरमध्ये बघितला, हॉल भरलेला, अर्ध्याहून जास्त ब्लॅक प्रेक्षक. शेवटी ख्रिस रस्त्यावर त्याच्या गोऱ्या गर्लफ्रेंडच्या, म्हणजे रोझच्या अंगावर वाकलेला असतो आणि लाल-निळे दिवे येतात ना, तेव्हा हॉलमध्ये जो आवाज उमटला तो किंकाळी नव्हती, एक कण्हल्यासारखा "ओह नो" सगळीकडून एकदम. भुताबिताला नाही, पोलिसांच्या गाडीला घाबरले लोक. आणि दार उघडून रॉड उतरला, एअरपोर्ट सिक्युरिटीच्या गाडीतून, तेव्हा लोक अक्षरशः उभे राहून ओरडले. टाइमलाइनवाला म्हणतो ना की पील ताण सोडतच नाही, तो सगळा ताण त्याने या एका क्षणासाठी साठवून ठेवलेला असतो. आणि सोडतो कुणाच्या हातून, तर पिक्चरमधल्या विनोदी माणसाच्या. मूळ शेवट वेगळा शूट केला होता, त्यात खरे पोलिस येतात आणि ख्रिस जेलमध्ये दिसतो, रॉड त्याला काचेपलीकडून भेटायला येतो. डीव्हीडीवर आहे, बघा. लिहायला घेतलं तेव्हा देशात वंशवाद संपलाय अशा गप्पा चालल्या होत्या म्हणून तो कडू शेवट, आणि पिक्चर येईपर्यंत एवढ्या काळ्या माणसांच्या हत्या टीव्हीवर दिसल्या होत्या की लोकांना एक जिवंत बाहेर पडलेला हिरो हवाय असं त्याला वाटलं. मला विचाराल तर हा निर्णय कॉमेडियनचा आहे. हॉलची नाडी कळल्याशिवाय असा बदल सुचत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी. ती गार्डन पार्टी आठवा, सगळे पाहुणे ख्रिसला काही ना काही विचारत असतात, कुणी त्याचे दंड चाचपतं, कुणी टायगर वूड्सचा विषय काढतं. त्या गोऱ्या गर्दीत एकच जपानी पाहुणा आहे आणि तो विचारतो की आजच्या जगात आफ्रिकन-अमेरिकन असण्याचा फायदा जास्त की तोटा. मी पहिल्यांदा बघताना हसलो. नंतर लक्षात आलं की तोही तिथे ख्रिसच्या शरीरावर बोली लावायलाच आलाय. आमच्याकडच्या गेट-टुगेदरमध्ये पोटलकचं ताट हातात घेऊन लोक "त्या एरियात घर नको घेऊस" असं जे सहज बोलतात ते मला त्या पाहुण्याच्या तोंडी ऐकू यायला लागलं. हिटलर-छापाचे गोरे व्हिलन दाखवले असते तर आपण निवांत पॉपकॉर्न खाल्ले असते. यातले व्हिलन ओबामाला तिसऱ्यांदा मत दिलं असतं म्हणणारे आहेत.

गोल्डन ग्लोबने याला कॉमेडी-म्युझिकल गटात टाकलं होतं, त्यावर पीलने ट्वीट केलं की 'गेट आउट' ही डॉक्युमेंटरी आहे. चपराक, आणि टायमिंग बघा.

नाट्यवेडी_मीनल

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! पोलिस हसतात तो सीन मी फक्त विनोदी म्हणून बघितला होता, आता परत बघणार. पण माझा प्रॉब्लेम अजून तिथेच आहे. एडिटिंग सिनेमात. मी स्टेजवर आले की लोक हसतात त्याचं काय करू? मला स्वतःला पण त्यात काम करायचंय.

विंगेतला_बाबू

मीनल, आयुष्य बॅकस्टेजला गेलंय, म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

काकांनी 'झपाटलेला' काढलाच आहे तर त्यातलंच उदाहरण घे. माणूस असतानाचा तात्या विंचू कोण? दिलीप प्रभावळकर. त्याच्या कितीतरी आधी दूरदर्शनवर चिमणराव म्हणून घराघरात पोचलेले. घाबरट चिमणराव! आणि त्याहून आधी रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण. मतकरी तरी काय, एकीकडे मुलांसाठी नाटकं आणि दुसरीकडे अशा गूढकथा की रात्री वाचू नयेत. आपल्याकडे हे दोन खण कधी वेगळे नव्हतेच, त्या चेटकिणीला मुलं घाबरायची आणि खदखदून हसायची, एकाच सीनमध्ये. तुझ्या ग्रुपला हे सांग.

आता तुझ्या एंट्रीचं. लोक हसणार असतील तर हसू दे. अडवायला गेलीस, गंभीर चेहरा, संथ चाल, तर अजून हसतील, आणि मग तो हशा तुझ्या हातात राहणार नाही. पहिली पाच मिनिटं त्यांना हवी ती मीनल दे, दोन-तीन हमखास लाफ्टर घे. मग त्यातलाच एक लाफ्टर पुन्हा घे, तेच वाक्य, तोच स्वर, तोच पॉझ, पण अशा जागी की सोबतचा नट हसत नाही, दचकतो. प्रेक्षकातले निम्मे सवयीने हसतील. तिसऱ्यांदा तेच वाक्य घेशील तेव्हा कुणी हसणार नाही बघ. तुला वेगळा आवाजबिवाज लावायची गरज नाही.

एक लक्षात ठेव, पील 'गेट आउट'मध्ये पडद्यावर दिसत नाही. दिसला असता तर लोक ओबामाची वाट बघत बसले असते. तुला काम करायचंच असेल तर कर, पण मग बसवायला दुसरं कुणीतरी समोर बसव, तालमीत तुझा हशा तुलाच मोजता येत नाही.

आणि हात जोडून सांगतो, ब्लॅकआउट आणि किंकाळी नको. स्पर्धेत पाचपैकी तीन एकांकिकांत असतं ते, लाइटवाला अर्धा सेकंद चुकतो आणि अख्खा हॉल फिदीफिदी.

चित्रपटभुकेला

उशिरा आलो. झॅक क्रेगरचं नाव अजून कुणी घेतलं नाही? 'द व्हाइटेस्ट किड्स यू नो' नावाच्या स्केच ग्रुपमधला, पीलपेक्षा वाह्यात कॉमेडी. नशिबाचा प्रश्न विचारलाय ना, तर याने २००९ला 'मिस मार्च' नावाची कॉमेडी सहदिग्दर्शित केली होती आणि ती दणकून आपटली. मग पुढे बरीच वर्षं दिग्दर्शक म्हणून काही हाताला नाही. २०२२ला 'बार्बेरियन', बजेट ५० लाख डॉलरच्या आत, आणि कमाई साडेचार कोटींच्या आसपास.

त्यातला एक जोक सांगतो, इथल्या चर्चेला फिट बसतो. भाड्याने दिलेल्या घराच्या तळघरात एक लपवलेलं दार, आत अंधारा बोगदा, आपण आधीच बघितलंय की तिथे काय आहे, आपला घसा कोरडा. मग घरमालक येतो, हॉलिवूडमध्ये नाचक्की झालेला, पैशाची चणचण. त्याला तो बोगदा सापडतो. आणि तो काय करतो, तर मेजरिंग टेप आणतो आणि मापं घ्यायला लागतो, कारण कार्पेट एरिया वाढला तर घराची किंमत वाढेल! मी पोट धरून हसलो आणि एकीकडे पाय वर उचलून घेतले होते. आणि हा जोक नुसता चवीला टाकलेला नाही, त्या माणसाचा हावरटपणा तिथे कळतो आणि शेवटी तोच सगळ्यांना नडतो. काका, पाया कच्चा नाही हो, हे घर बघाच.

'वेपन्स' २०२५चा, रात्री २ वाजून १७ मिनिटांनी एकाच वर्गातली १७ मुलं घरातून उठून हात पसरून पळत सुटतात. तोपर्यंत याला ३.८ कोटी बजेट मिळालेलं, कमाई २६ कोटींच्या पुढे. तो लिहायला घेतला तेव्हा त्याचा जवळचा मित्र आणि त्या स्केच ग्रुपमधला जोडीदार ट्रेव्हर मूर नुकताच अचानक गेला होता, २०२१मध्ये. ते दुःख पिक्चरभर आहे, आणि शेवटचा पाठलाग असा आहे की हसून हसून पुरेवाट.

'अ क्वाएट प्लेस'वाला जॉन क्रॅसिन्स्की लोक या यादीत घालतात पण माझ्या मते त्याचा किस्सा निराळा. 'द ऑफिस'मधला नट हे खरं, पण त्या पिक्चरमध्ये कॉमेडीतून आलेलं मला फक्त एकच सापडतं, शांतता किती वेळ ताणायची ते.

टाइमलाइनवाला

टेप वाला सीन!! तेच तर, जागा तीच, बघणारा बदललाय. आधी तळघरात तीच जागा भीतीची, मग थेट कट टू भर उन्हात, समुद्राकाठी उघड्या गाडीत गाणं म्हणणारा मालक. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं फाइल चुकीची लागली.

काका, 'नोप'मधल्या माकडाबद्दल मात्र भांडणार. नव्वदच्या दशकातली सिटकॉम, सेटवर चिंपांझी बिथरतो, आणि त्यातून वाचलेला मुलगा मोठा झाल्यावर ती घटना विचारल्यावर काय सांगतो? टीव्हीवर त्यावर झालेल्या कॉमेडी स्केचचं वर्णन, कसं धमाल होतं म्हणून. खरं काय घडलं ते त्याच्या तोंडून येतच नाही. हे एखाद्या कॉमेडियनलाच सुचू शकतं आणि माझ्या मते पीलने स्वतःच्या जुन्या धंद्याबद्दल काढलेला तो सर्वात जहरी सीन आहे.

खवचट_काका

बरं बरं. तो सीन चांगला होता हे मी लिहायचं टाळलं होतं मुद्दाम. डगल्यांचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

'बार्बेरियन' शनिवारी लावतो. आमच्या सोसायटीत तळघर म्हणजे पार्किंग आणि तिथे बोगदा निघाला तर सेक्रेटरी आधी मेंटेनन्स वाढवेल.